प्रस्तावना : आधी नाव विचारा

साखर कारखान्याच्या गोदामातलं गंधक, इचलकरंजीच्या प्रोसेस हाउसमधले हायड्रॉसचे ड्रम, गॅस वेल्डिंगच्या दुकानातला कार्बाइडचा डबा, ठोक बाजारातली कापराची आणि डांबरगोळ्यांची खोकी, शाई आणि लॅकर बनवणाऱ्या कारखान्यातली ओल्या नायट्रोसेल्युलोजची पिंपं. धोकादायक मालाच्या वाहतुकीचे नियम या सगळ्यांना एकाच वर्गात बसवतात. तो वर्ग 4. त्यात ज्वालाग्राही घन पदार्थ येतात, आपोआप पेटणारे पदार्थ येतात आणि पाणी लागलं की पेटणारा वायू सोडणारे पदार्थही येतात. हे सांडले तर काय करायचं, पेटले तर कशाने विझवायचे आणि कशाने मुळीच विझवायचे नाहीत, हा या पुस्तकाचा विषय आहे.

पुस्तक लिहिलं आहे ते घटनास्थळी सर्वांत आधी पोचणाऱ्या माणसासाठी. तो बहुतेक वेळा अग्निशमन दलाचा जवान नसतो. तो ट्रकचा क्लीनर असतो, गोदामाचा रखवालदार असतो, हमाल असतो, महामार्गावरचा पोलीस शिपाई असतो, जवळच्या ढाब्यावर काम करणारा मुलगा असतो. बंब येईपर्यंत जे काही होतं ते याच्या हातून होतं, आणि त्याच्या हाताला सर्वांत आधी लागते ती पाण्याची बादली. आग दिसली की पाणी मारायचं, हे लहानपणापासून अंगवळणी पडलेलं असतं. लाकूड, कागद, कापड, गवत यांच्या आगीत ते बरोबरच आहे. वर्ग 4 मध्ये मात्र तेच पाणी एका पदार्थाला विझवतं, दुसऱ्याला भडकवतं, आणि तिसऱ्याच्या बाबतीत थोडं मारलं तर घात करतं, भरपूर मारलं तर वाचवतं. पदार्थ कोणता, हे कळल्याशिवाय यातलं काय होणार हे कुणालाच सांगता येत नाही. मग तो कितीही अनुभवी स्टेशन ऑफिसर असो.

घन पदार्थांची एक चांगली बाजू आहे आणि तिच्याकडे आपलं लक्ष जात नाही. हे पदार्थ वेळ देतात. उत्तर अमेरिकेतल्या अग्निशमन दलांची जी आणीबाणी मार्गदर्शिका जगभर वापरली जाते, तिच्यात गळतीच्या जागेपासून सुरुवातीला किती अंतर मोकळं करायचं हे दिलेलं आहे. एलपीजीसारखा ज्वालाग्राही वायू असेल तर चारही बाजूंना किमान 100 मीटर. पेट्रोलसारखा द्रव असेल तर 50 मीटर. गंधकासारखा घन पदार्थ असेल तर 25 मीटर. वायू वाऱ्यावर पसरतो, द्रव उताराने गटारात जातो, पण सांडलेली गोणी सांडल्या जागी पडून राहते. तिच्यापासून मागे सरायला, वारा कुठून आहे हे बघायला, गाडीवरचा फलक वाचायला आणि फोन करायला अवकाश मिळतो. मोठ्या दुर्घटनांचे अहवाल वाचताना मला सर्वांत जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट हीच वाटत आली आहे. वेळ होता, कधी पाऊण तास, कधी दोन तास, कधी आख्खी रात्र. त्या वेळात माणसं धावपळ करत होती, जिवावर उदार होऊन पाणी मारत होती. आत नेमकं काय आहे हे मात्र त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

चीनमधल्या तियानजिन बंदरात 12 ऑगस्ट 2015 च्या रात्री नेमकं हेच झालं. रुइहाई नावाच्या कंपनीच्या आवारात, कंटेनरांच्या रांगेत, रात्री 10 वाजून 51 मिनिटांच्या सुमारास आग दिसली. चौकशी समितीने नंतर कारण शोधून काढलं, ते नायट्रोसेल्युलोज. हा पदार्थ दिसायला कापसासारखा असतो आणि तो पाण्याने किंवा अल्कोहोलने ओला ठेवूनच न्यायचा असतो. ओल किमान एक चतुर्थांश वजनाची हवी. तियानजिनच्या कंटेनरमधली ती ओल उडून गेली, कोरडा पडलेला भाग उन्हाळ्याच्या उष्णतेत आतल्या आत विघटित होऊ लागला, तापत गेला आणि पेटला. पहिल्या तुकडीने आल्याबरोबर योग्य प्रश्न विचारला होता की जळतंय ते काय आहे. तिथल्या कर्मचाऱ्यांना ते सांगता आलं नाही. 11 वाजून 34 मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि 31 सेकंदांनी दुसरा, त्याहून कितीतरी मोठा, कारण आग तोवर शेजारच्या अमोनियम नायट्रेटपर्यंत पोचली होती. त्या आवारात सुमारे 800 टन अमोनियम नायट्रेट होतं. 165 माणसं मेली, 8 बेपत्ता झाली. या 173 पैकी 104 जण आग विझवायला गेलेले होते. आग दिसल्यापासून पहिल्या स्फोटापर्यंत त्रेचाळीस मिनिटं मिळाली होती. मालाची खरी यादी फाटकावर हजर असती तर त्या तुकड्यांना मागे घेण्याचा निर्णय घ्यायला त्रेचाळीस मिनिटं पुरेशी होती, असं माझं ठाम मत आहे.

नायट्रोसेल्युलोजचा आपला स्वतःचाही एक घाव आहे. जुन्या चित्रपटांची रीळं याच कुळातल्या सेल्युलॉइडवर बनत. पुण्याला, पूर्वीच्या प्रभात स्टुडिओच्या आवारात, जिथे आता फिल्म इन्स्टिट्यूट आहे, तिथल्या नायट्रेट रीळांच्या कोठारांना जानेवारी 2003 मध्ये आग लागली आणि शेकडो चित्रपटांची रीळं गेली. अशी रीळं पेटली की वाळू टाकून, घोंगडं टाकून उपयोग नसतो. हवा तोडली तरी ती जळत राहतात, कारण जळायला लागणारा ऑक्सिजन त्यांच्या रेणूतच असतो. पाण्याखालीसुद्धा ती जळतात. भरपूर पाण्याने शेजारचा माल थंड ठेवणं आणि आग पुढे जाऊ न देणं एवढंच हाती उरतं.

त्यांचा धूर आगीपेक्षा वाईट असतो. 15 मे 1929 रोजी अमेरिकेत क्लीव्हलँड क्लिनिक या रुग्णालयाच्या तळघरात साठवलेल्या एक्स-रे फिल्म पेटल्या. त्याही नायट्रेटच्याच होत्या. सव्वाशेच्या आसपास माणसं गेली, आणि त्यांतली बहुतेक भाजून गेली नाहीत. नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा पिवळट तपकिरी धूर त्यांच्या फुप्फुसात गेला होता. काही जण स्वतःच्या पायांनी बाहेर आले, बरं वाटतंय म्हणाले, आणि काही तासांनी गेले. म्हणून असा धूर छातीत गेलेल्या माणसाला, तो कितीही ठणठणीत दिसत असला तरी, घरी सोडू नये. त्याला दवाखान्यात किमान एक दिवस नजरेखाली ठेवावं. बंबावरच्या जवानांनी ही गोष्ट स्वतःच्या बाबतीतही पाळावी, कारण दमलेला जवान सर्वांत आधी हीच गोष्ट टाळतो.

आता गंधक. या पुस्तकातलं सर्वांत मोठं प्रकरण गंधकाचं आहे, आणि ते तसं असायलाच हवं, कारण महाराष्ट्रात वर्ग 4 चा सर्वांत जास्त पसरलेला पदार्थ हाच असावा. आपले बहुतेक साखर कारखाने उसाचा रस स्वच्छ करायला गंधकाचा धूर वापरतात. गंधकभट्टीत गंधक जाळून निघणारा सल्फर डायऑक्साइड रसात सोडतात. रोज पाच हजार टन ऊस गाळणाऱ्या कारखान्याला दिवसाला दोन-तीन टनांच्या आसपास गंधक लागतं, म्हणजे हंगामाच्या सुरुवातीला गोदामात त्याची थप्पी छतापर्यंत असते. नाशिक आणि सांगलीच्या द्राक्षबागांत भुरीवर धुरळायला गंधकाची भुकटी येते. तेलशुद्धीकरण कारखान्यांतून वितळलेलं गंधक टँकरने निघतं, 130 ते 140 अंश तापमानाला, पातळ.

गंधक 115 अंशांच्या जवळपास वितळतं आणि अडीचशे अंशांच्या आतबाहेर पेट घेतं. विडीचं थोटूक, वेल्डिंगची ठिणगी, घासून तापलेलं बेअरिंग एवढं त्याला पुरतं. ज्योत फिकट निळी असते आणि दुपारच्या उन्हात ती दिसतच नाही. दिसतो तो फक्त वर थरथरणारा हवेचा पडदा, आणि नाकात घुसणारा वास. पेटलेलं गंधक वितळून वाहू लागतं, म्हणजे ढीग जळत असतानाच त्याच्या पायथ्याशी जळता ओहोळ सुरू होतो. शेजारच्या थप्पीखाली तो ओहोळ कसा शिरतो, हे पाहिलेला माणूस गंधकाच्या गोदामात थप्प्यांमध्ये मोकळी वाट ठेवायला पुन्हा कधी विसरत नाही.

पण माणसं मरतात ती ज्योतीने नाही. एक किलो गंधक जळलं की दोन किलो सल्फर डायऑक्साइड तयार होतो. पन्नास किलोच्या एका गोणीतून शंभर किलो वायू. तो हवेपेक्षा दुपटीहून जड असतो, त्यामुळे सखल भागात, नाल्यात, झोपड्यांच्या गल्लीत बसून राहतो. डोळ्यांतल्या आणि फुप्फुसांतल्या ओलाव्यात मिसळून तो तिथे आम्ल बनतो. डिसेंबर 1995 मध्ये दक्षिण आफ्रिकेत सॉमरसेट वेस्टजवळ वाऱ्याने पसरलेला गवताचा वणवा गंधकाच्या उघड्या साठ्यापर्यंत आला आणि त्याचा धूर शेजारच्या मकासार वस्तीवर गेला. हजारो माणसांना रात्रीतून घरं सोडावी लागली. जून 2003 मध्ये इराकमध्ये मोसुलजवळच्या अल-मिश्राक इथला गंधकाचा साठा पेटला तो जवळजवळ महिनाभर जळत होता. आपल्या कारखान्यांच्या गोदामांना लागून बहुतेक ठिकाणी ऊसतोड मजुरांच्या कोप्या असतात. गंधकाच्या आगीत पहिला फोन बंबासाठी असेल तर दुसरा माणूस तत्काळ या कोप्यांकडे धावला पाहिजे, वारा कुठे वाहतोय ते बघून. तोंडाला ओला रुमाल बांधून या धुरात कुणीही शिरू नये. श्वासाचा बीए सेट लावलेल्या माणसाचंच ते काम आहे.

विझवायचं कसं? आग परातीएवढी असेल तर कोरडी वाळू, किंवा न पेटलेलं गंधकच फावड्याने वर टाकून ती दाबता येते. कारखान्यातले जुने लोक हे करतात आणि ते बरोबर आहे. आग मोठी असेल तर पाणीच, पण फवारा करून. जोराचा झोत ढिगावर मारला की भुकटी उधळते, आणि हवेत तरंगणारी गंधकाची भुकटी स्फोट पावते. वितळलेल्या गंधकावर पाण्याचा झोत मारला तर पाण्याची एकदम वाफ होते आणि जळतं गंधक अंगावर उडतं. वितळलेलं गंधक रस्त्यावर सांडलं असेल आणि पेटलेलं नसेल, तर बहुतेक वेळा काहीच करायचं नसतं. ते आपोआप निवतं, घट्ट होतं. वरचं पिवळं कवच बघून त्यावर पाय ठेवायचा नाही, कारण खाली ते बराच वेळ पातळच असतं. टँकरच्या झाकणाशी वाकून बघायचं नाही, कारण वितळलेल्या गंधकातून हायड्रोजन सल्फाइड निघतो आणि टाकीच्या वरच्या मोकळ्या जागेत साठतो. अंगावर पडून चिकटलेलं गंधक ओढून काढू नये. त्यावर गार पाणी सोडत राहावं आणि माणसाला तसंच दवाखान्यात न्यावं.

हायड्रॉसवर मी मुद्दाम जास्त पानं खर्च केली आहेत. सोडियम हायड्रोसल्फाइट हे त्याचं नाव. कापड रंगवणाऱ्या प्रत्येक प्रोसेस हाउसमध्ये तो असतो, आणि गुळाला पिवळा रंग यावा म्हणून काही गुऱ्हाळांतही तो पोचलेला आहे. पांढरी भुकटी, बंद ड्रम, वरवर सोड्यासारखी. हा वर्ग 4 मधल्या आपोआप पेटणाऱ्या पदार्थांत मोडतो. पावसाळ्यात छत गळून ड्रममध्ये थोडं पाणी गेलं, किंवा ओल्या हाताने, ओल्या मगाने माल काढून झाकण तसंच लावलं, की आत तापायला सुरुवात होते. गंधकाचा उग्र वास येतो, ड्रमचा पत्रा गरम लागतो, मग धूर आणि शेवटी ज्वाळा.

आपोआप पेटणाऱ्या पदार्थांसाठी सर्वसाधारण नियम असा की पदार्थावर पाणी, फेस किंवा कार्बन डायऑक्साइड मारू नये. कोरडी वाळू, चुना, सोडा ॲश किंवा डीसीपी (कोरडी रासायनिक पावडर) वापरावी. हायड्रॉस या नियमाला अपवाद आहे, आणि मार्गदर्शिकेत तो अपवाद ठळक अक्षरांत छापलेला असतो. हायड्रॉस पेटला तर वाळूने झाकून तो विझत नाही, त्याला जळायला हवा लागत नाही. त्याला पाणी लागतं, पण पुराच्या मापाने, दुरून, न थांबता, आतली रासायनिक क्रिया थंड पडेपर्यंत. बादलीभर पाणी ही त्याला पेटवायची पद्धत आहे आणि दोन नळ्यांचा लोंढा ही विझवायची. ड्रमवरचा वर्ग वाचून थांबलेला, त्यापुढचं नाव न वाचलेला माणूस इथे हमखास चुकीची गोष्ट करेल. याच कारणाने या पुस्तकातले पदार्थ वर्गवारीने न लावता नावांनी लावले आहेत, आणि प्रत्येक शास्त्रीय नावाशेजारी बाजारात, गोदामात, बिल्टीवर चालणारं नाव दिलं आहे.

हायड्रॉस एकटा असतो तेव्हा हे उत्तर सोपं असतं. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात, लोडी गावात, 21 एप्रिल 1995 रोजी एका कारखान्यात तो ॲल्युमिनियमच्या भुकटीबरोबर एका मिक्सरमध्ये होता. मिक्सरमध्ये पाणी शिरलं. मिश्रण आदल्या दिवसापासून तापत होतं, धुमसत होतं, वास येत होता. हायड्रॉसला भरपूर पाणी हवं, ॲल्युमिनियमच्या भुकटीला पाण्याचा थेंबही नको. अशा मिश्रणापुढे माणूस अडकतो. शेवटी मिक्सर रिकामा करायला कामगार आत पाठवले गेले आणि तो फुटला. पाच कामगार मेले. दोन्ही पदार्थांची माहितीपत्रकं कारखान्यात होती. दोन्ही एकत्र तापले तर काय करायचं याचा विचार मिश्रण बनवायच्या आधी व्हायला हवा होता. धुमसणाऱ्या भांड्यासमोर उभं राहून तो होत नसतो. अशा वेळी एकच आज्ञा बरोबर असते, ती म्हणजे सगळ्यांनी बाहेर या. कारखाना जाऊ द्या.

धातूंबद्दल थोडक्यात. मॅग्नेशियम, ॲल्युमिनियमची भुकटी, सोडियम हे जळत असताना पाण्यातला ऑक्सिजन ओढून घेतात आणि हायड्रोजन मोकळा करतात. मॅग्नेशियम तर कार्बन डायऑक्साइडमध्येही जळत राहतं, त्यामुळे ऑफिसातला काळ्या भोंग्याचा सिलिंडर तिथे कामाचा नाही. नेहमीचा लाल एबीसी सिलिंडरही नाही. धातूंसाठीची वेगळी पावडर, कोरडं मीठ किंवा खरोखर कोरडी वाळू एवढेच उपाय. खरोखर हा शब्द मी विचारपूर्वक वापरतो आहे. पावसाळ्यात अंगणात उघड्यावर ठेवलेल्या लाल बादल्यांतली वाळू कोरडी नसते. कार्बाइडला पाणी लागलं की ॲसिटिलीन निघतो, आणि तो हवेत अडीच टक्क्यांपासून ऐंशी टक्क्यांपर्यंत कुठल्याही प्रमाणात पेटू शकतो. कार्बाइडचा फुटलेला डबा घाटात पावसात पडला असेल तर पहिली गरज ताडपत्रीची असते, विझवण्याच्या साधनाची नंतर. पांढरा फॉस्फरस पाण्याखालीच ठेवायचा असतो, आणि बाहेर आला तर 30 अंशांच्या आसपास पेटतो. चंद्रपूरच्या मे महिन्यात हे तापमान पहाटेही असू शकतं. त्याची आग ओल्या वाळूने विझते आणि वाळू सुकली की पुन्हा पेटते. अंगावर उडालेल्या फॉस्फरसवर तेल, तूप, हळद काही लावू नये. ओलं फडकं ठेवून ते सतत ओलं राखावं.

सांडलेला पण न पेटलेला माल उचलताना सर्वांत जास्त चुका होतात, कारण तेव्हा सगळ्यांना संकट टळल्यासारखं वाटतं. रस्ता लवकर मोकळा करायचा दबाव असतो, जेसीबी बोलावला जातो. लोखंडी बकेट डांबरावर घासते, ठिणगी उडते. लाकडी, प्लॅस्टिकचं किंवा पितळी फावडं वापरायचं, हे लिहायला सोपं आहे. ते फावडं आधीच बंबावर ठेवलेलं असेल तरच त्याचा उपयोग आहे. गंधकाची भुकटी कोरड्या झाडूने झाडायची नाही, हलका फवारा देऊन बसवायची. कार्बाइड आणि धातूची भुकटी मात्र कोरडीच उचलायची, कोरड्या डब्यात भरायची आणि झाकण घट्ट न लावता नेऊन ठेवायची. नायट्रोसेल्युलोज ओलं करत करत उचलायचं, वाळू द्यायचं नाही. पाणी मारलं असेल तर ते गटारात, ओढ्यात, विहिरीत जाण्याआधी मातीचा बांध घालून अडवायचं, कारण त्यात आता आम्ल आहे. आणि आग विझल्यावर निदान काही तास कुणीतरी तिथे थांबायचं. हे पदार्थ विझले म्हणून सोडून देण्यासारखे नसतात.

हवेत उडालेली भुकटी काय करते, याचं साखरेचं उदाहरण इथेच देतो, कारण आपल्या राज्याला ते जवळचं आहे. 7 फेब्रुवारी 2008 रोजी अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात पोर्ट वेंटवर्थ इथे साखर शुद्ध करण्याच्या कारखान्यात साखरेच्या धुरळ्याचा स्फोट झाला आणि 14 कामगार मेले. साखर हा वर्ग 4 चा पदार्थ नाही. पण पट्ट्यांवर, तुळयांवर, दिव्यांवर साठलेला बारीक धुरळा पहिल्या छोट्या स्फोटाने हवेत उडाला आणि दुसरा मोठा स्फोट त्याने घडवला. गंधकाच्या गोदामातल्या तुळया कधी पुसल्या होत्या, हा प्रश्न तपासणीच्या वहीत असायला हवा.

शेजाराबद्दल वेगळं सांगायला हवं. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 14 एप्रिल 1944 रोजी फोर्ट स्टिकिन जहाजावर जे घडलं, त्याच्या स्मरणार्थ देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. त्या जहाजाच्या एकाच कप्प्यात कापसाच्या गाठी आणि दारूगोळा होता. दुपारी धूर दिसला, जवळजवळ दोन तास जवान पाणी मारत राहिले, आणि चारनंतर काही मिनिटांनी जहाज फुटलं. साठाहून जास्त जवान गेले, शेकडो नागरिक गेले. सावकाश जळणाऱ्या मालाशेजारी स्फोटक किंवा ऑक्सिजन पुरवणारा माल ठेवणं ही तेव्हाही घोडचूक होती आणि आजही आहे. द्राक्षबागायतदारांना माझी कळकळीची विनंती आहे. शेडमध्ये गंधकाची गोणी आणि 13:0:45 ची गोणी एकमेकींना टेकून ठेवू नका. 13:0:45 म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, म्हणजे सोरा. गंधक, सोरा आणि कोळसा मिळून बंदुकीची दारू होते, हे आपल्या आजोबांना ठाऊक होतं.

कायद्याची बाजू कमकुवत नाही. भोपाळनंतर 1986 चा पर्यावरण कायदा आला, 1989 चे घातक रसायनांचे नियम आले, 1996 च्या नियमांनी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा संकट गट बनवायला सांगितलं. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार धोकादायक माल नेणाऱ्या गाडीवर ठरावीक फलक लागतो. त्यावर मालाचं नाव, चार अंकी यूएन क्रमांक, वर्गाचं चिन्ह, हॅझकेम कोड आणि आणीबाणीचा फोन क्रमांक असतो. गंधकाचा क्रमांक 1350, वितळलेल्या गंधकाचा 2448, हायड्रॉसचा 1384, कार्बाइडचा 1402. चौकोन टोकावर उभा असतो. लाल-पांढरे उभे पट्टे म्हणजे ज्वालाग्राही घन, वर पांढरा खाली लाल म्हणजे आपोआप पेटणारा, निळा म्हणजे पाण्याशी वैर असलेला. हॅझकेम कोडाचा पहिला अंक 4 असेल तर पाण्याची नळी खाली ठेवायची आणि कोरडं साधन मागवायचं. कोडाच्या शेवटी ई हे इंग्रजी अक्षर असेल तर आसपासची वस्ती हलवायचा विचार लगेच सुरू करायचा. एवढं वाचायला रसायनशास्त्र लागत नाही, फलक स्वच्छ लागतो. प्रत्यक्षात तो चिखलाने माखलेला असतो, रंग उडालेला असतो, किंवा मागच्या खेपेच्या मालाचा तसाच राहिलेला असतो. चुकीचा फलक हा कोऱ्या फलकापेक्षा घातक आहे, कारण त्यावर विश्वास ठेवून कुणीतरी पुढे जातं.

चालकासाठी केबिनमध्ये ट्रेमकार्ड, म्हणजे त्या मालाच्या आणीबाणीत काय करायचं ते सांगणारं कार्ड, असावं असा नियम आहे. धोकादायक माल नेणाऱ्या चालकाला एक भारतीय भाषा आणि इंग्रजी वाचता यावी, त्याने तीन दिवसांचं प्रशिक्षण घेतलेलं असावं, हेही नियमात आहे. पण अपघातात चालक जखमी असतो, किंवा घाबरून निघून गेलेला असतो, आणि ते इंग्रजी कार्ड हातात येतं ते खोपोलीच्या, लोट्याच्या, कुरकुंभच्या एखाद्या गावकऱ्याच्या. या पुस्तकाची गरज मला तिथे वाटली. म्हणून प्रत्येक पदार्थाचं एक पान मराठीत, मोठ्या अक्षरात, फाडून केबिनमध्ये किंवा गोदामाच्या दारावर लावता येईल असं केलं आहे. त्यावर चारच गोष्टी आहेत. ओळख कशी पटते, किती मागे सरायचं, काय मारायचं, काय मारायचं नाही. त्या पानांच्या झेरॉक्स काढाव्यात, त्यासाठी कुणाची परवानगी लागणार नाही.

अग्निशमन दलाच्या जवानांनी हे पुस्तक मॉक ड्रिलच्या आधी वाचावं आणि ड्रिलमध्ये एकदा तरी मुद्दाम पाण्याविना सराव करावा. एमआयडीसीतल्या सेफ्टी ऑफिसरांनी आपल्या हद्दीबाहेरच्या गावाच्या सरपंचाला आणि पोलीस पाटलाला वर्षातून एकदा बोलावून कोणता माल आत येतो हे सांगावं. व्यवसायाचं गुपित म्हणून ते लपवण्यासारखं त्यात काही नाही. आणि गोदाम ज्यांच्या मालकीचं आहे त्यांना एवढंच सांगणं की आज आत काय आणि किती आहे, याची हाताने लिहिलेली यादी रोज संध्याकाळी फाटकावरच्या रखवालदाराकडे द्या, आणि ती आग लागलेल्या इमारतीत नव्हे, फाटकावरच राहील याची खात्री करा. बंबातून उतरणारा माणूस सर्वांत आधी तीच मागणार आहे.